घाटरस्ते व ओढ्यांचें पाणी

सह्याद्रींतील घाटवाटांचा इतिहास बहुधा लष्करी हालचाली, जकात व व्यापार यांच्या अंगानें लिहिला जातो. वाट ज्या डोंगरांतून काढली त्याच्या ओढ्यांचें काय झालें, हा प्रश्न मागेंच राहतो. तो विचारूं लागलें म्हणजे घाटांच्या इतिहासाचे कालखंड राजवटींवरून न पाडतां बैल व चाक यांवरून पाडावे लागतात, असें आमचें मत आहे.

नाणेघाट घ्या. सातवाहनकालीन या वाटेवर नागनिकेचा लेख आहे, जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे, आणि खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत. वाटसरूचें पाणी हा वाटेचाच भाग समजत. खोपोलीस घाटाच्या पायथ्याशीं नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव त्याच समजुतीचा होय. पाठीवर गोणी घेतलेला बैल उभी चढण चढतो व त्याला अरुंद वाट पुरते. त्यासाठीं डोंगर फारसा फोडावा लागत नाहीं.

चाकाची गोष्ट निराळी. गाडीस सौम्य चढ लागतो, सौम्य चढासाठीं वळणें लागतात, आणि वळण काढावयाचें म्हणजे वरची बाजू तासून ती माती खालच्या उतारावर लोटणें आलें. सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां घाटाखालच्या ओढ्यांचाही नवा काळ सुरू झाला असें म्हटलें पाहिजे. तासलेल्या दरडीवर गवत धरेपर्यंत प्रत्येक पावसाळा तिची माती धुवून नेतो. रस्त्याकडेचा चर डोंगरभर झिरपणारें पाणी गोळा करून मोरीच्या एका तोंडानें ओढ्यांत सोडतो. मोठी नदी हा गाळ पुढें नेते; लहान ओढ्याचा जोर आश्विनांतच ओसरतो, व गाळ डोहांत आणि खडीच्या फटींत बसतो.

हें केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेंतील आयडाहो राज्यांत साल्मन नदीच्या दक्षिण फाट्यावर लांकूडतोडीसाठीं काढलेल्या रस्त्यांची माती १९६४-६५ च्या वादळी पावसांत नदींत उतरली, आणि ज्या खडींत मासे अंडीं घालीत ती गाळाखालीं गेली. त्याच राज्यांतील लहान पाणलोटांची मेगाहान व किड यांची मोजणी १९७२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत रस्त्याखालील जमिनीवरून, न छेडलेल्या जमिनीच्या मानानें, सरासरी ७७० पट माती गेल्याचें आढळलें. तेथील जमीन झिजलेल्या ग्रॅनाइटची, आपली काळ्या पाषाणाची. म्हणून तो आंकडा येथें लावूं नये, कार्यकारणभाव मात्र लावावा.

संशोधकांस या कामीं एक साधन हाताशीं आहे. बांधकाम खात्याच्या जुन्या हिशेबांत दरडी काढणें व मोऱ्या उपसणें यांवरील खर्च रूक्ष म्हणून आपण ओलांडून जातों. वस्तुतः उपसलेली प्रत्येक पाटी म्हणजे ओढ्याकडे निघालेल्या मातीची नोंद आहे. हे आंकडे सालवार मांडून मोऱ्यांच्या जागा नकाशावर दाखवाव्या, व त्यांखालचे डोह प्रत्यक्ष जाऊन पाहावे.