रोगनिर्मूलनोत्तर आरोग्यसाधनांचे नियोजन

एखाद्या रोगाच्या निर्मूलनासाठी उभे केलेले मनुष्यबळ, शीतसाखळी, प्रयोगशाळा, नोंदी व निधी मोहीम संपताना नियमित आरोग्यसेवेकडे वर्ग करण्याची किंवा बंद करण्याची पूर्वयोजना. मोहीम मुदतीची व एकाच रोगापुरती असते. तिची काही कामे रोगाबरोबर संपतात, काही मागे उरतात. रोगी संपले तरी रोग परतला का, हे पाहणारी सर्वेक्षण यंत्रणा ठेवावी लागते. म्हणून मोहिमेइतकाच, तिची कामे पेलणाऱ्या उपकेंद्राच्या व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बळाचा विचार या नियोजनात करावा लागतो. महाराष्ट्रात ही दोन्ही जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात.

हिवताप : हस्तांतराचा भारतातील पहिला मोठा प्रयोग. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला व १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. फवारणी थांबलेल्या भागांतील देखरेख कोणी करावी, हे ठरविण्यासाठी नेमलेल्या चढ्ढा समितीने १९६३ मध्ये दर १०,००० लोकसंख्येमागे एक मूलभूत आरोग्य कर्मचारी सुचविला. त्याने दरमहा घरभेटी देऊन तापाचे रोगी शोधावेत, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवाव्यात आणि कुटुंबनियोजनाचे कामही पाहावे, अशी ही योजना होती. एका माणसाला हे सारे झेपेना. मुखर्जी समितीने (१९६५) कुटुंबनियोजनासाठी वेगळे कर्मचारी सुचविले. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी एक लाखाच्या खाली आलेली वार्षिक रुग्णसंख्या १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेली. कीटकनाशकांना डासांची प्रतिकारशक्ती व पुरवठ्यातील अडचणी ही कारणेही सांगितली जातात. मात्र देखरेख ज्या यंत्रणेवर सोपविली ती अपुरी होती, याविषयी फारसा वाद नाही. १९७७ मध्ये सुधारित कार्ययोजना आली आणि निर्मूलनाऐवजी नियंत्रणाचे धोरण स्वीकारले गेले.

देवी : भारतातील मोहीम १९६२ मध्ये सुरू झाली. शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला. त्यानंतर शोधमोहिमा चालूच राहिल्या आणि रोगी कळविणाऱ्यास १,००० रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त असल्याचे मान्य केले. लस टोचणाऱ्यांची (ग्रामीण बोलीत ‘देवी डॉक्टर’) सोय मात्र आधीच ठरू लागली होती. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये लस टोचणारे, हिवताप सर्वेक्षक, खुपरीचे कर्मचारी इत्यादी एककामी कर्मचाऱ्यांना एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी करावे आणि ३,००० ते ३,५०० लोकसंख्येमागे एक पुरुष व एक स्त्री कर्मचारी नेमावी, असे सुचविले. आजचे आरोग्यसेवक व आरोग्यसेविका हे याच शिफारशीचे फलित. लस टोचण्याचे काम मात्र संपले नाही; १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला.

नारू : राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ पासून, महाराष्ट्र रोगग्रस्त राज्यांपैकी एक. पायऱ्यांनी पाण्यात उतरून घागर भरण्याची सोय असलेल्या बारवा या रोगाच्या प्रसारास पोषक ठरत, कारण रोग्याच्या पायातील जखमेतून अळ्या थेट पिण्याच्या पाण्यात पडत. मराठवाड्यात अशा बारवा पुष्कळ असून परभणी जिल्ह्यातील चारठाणा (ता. जिंतूर) येथील बारव प्रसिद्ध आहे. देशातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला व फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. बारवांना पर्याय म्हणून बसविलेल्या हातपंपांची देखभाल पाणीपुरवठा यंत्रणेकडे राहिली.

पोलिओ : पल्स पोलिओ मोहीम देशभर डिसेंबर १९९५ पासून सुरू झाली. १९९७ मध्ये भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटनेने राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभारला. शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त प्रमाणित झाला.

हस्तांतराच्या दृष्टीने या मोहिमेचा सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे लुळेपणाचे सर्वेक्षण. पंधरा वर्षांखालील मुलात अचानक लुळेपणा आला, की चौदा दिवसांच्या आत किमान चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतात, ते थंड पेटीतून प्रयोगशाळेस पाठवितात आणि साठ दिवसांनी मूल पुन्हा तपासतात. पोलिओचा रोगी नसतानाही असे नमुने येत राहिले, तरच यंत्रणा जागी आहे असे समजतात. महाराष्ट्रातील नमुने मुंबईच्या विषाणू प्रयोगशाळेत तपासले जातात. सांडपाण्याची तपासणीही २००१ मध्ये मुंबईतूनच सुरू झाली. पुढे हेच जाळे गोवर-रुबेला सर्वेक्षणास वापरले गेले. जागतिक आरोग्य सभेपुढे २०१८ मध्ये अशा हस्तांतराचा कृतिआराखडा आला. भारतातील पोलिओ सर्वेक्षण प्रकल्पाचा खर्च टप्प्याटप्प्याने देशांतर्गत निधीवर आणण्याचे धोरण ठरले व त्याच्या कामाची व्याप्ती सार्वजनिक आरोग्य सर्वेक्षणापर्यंत वाढविण्यात आली.

दुसरा ठेवा सूक्ष्म नियोजनाचा. बूथवर डोस पाजलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लावायची, पुढील दिवशी घरोघर जाऊन भिंतीवर खडूने खूण करायची, एसटी स्थानकावर व वीटभट्टीवर वेगळे पथक पाठवायचे, ही त्याची पद्धत. चारठाण्यासारख्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावी ही कामे आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका व आशा करतात. मोहिमेसाठी वेगळे कायम कर्मचारी नसतात. त्यामुळे तेथे वर्ग करायचे असते ते मनुष्यबळ नव्हे, तर वस्त्यांच्या व स्थलांतरितांच्या याद्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले नियमित लसीकरणातून सुटू नयेत यासाठी मराठवाड्यात अशा याद्यांना विशेष महत्त्व आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यने पोलिओ मोहिमेच्या या अनुभवाचा उपयोग केला.

लस व साठे : २५ एप्रिल २०१६ रोजी भारताने पोलिओची त्रिसंयुजी तोंडी लस बंद करून द्विसंयुजी लस स्वीकारली, जुन्या कुप्या परत मागवून नष्ट करण्यात आल्या. टोचून द्यावयाची लस नोव्हेंबर २०१५ पासून दिली जाऊ लागली होती.

मतभेद : पल्स पोलिओमुळे नियमित लसीकरण मागे पडले की त्यास बळ मिळाले, याविषयी एकमत नाही. पाकिस्तान व अफगाणिस्तानात रोग टिकून असल्याने मोहीम केव्हा आवरती घ्यावी, हेही अनिर्णित आहे. २०२४ मध्ये मेघालयात लसजन्य विषाणूचा एक रोगी आढळला.

आर्थिक बाजू : निधी केंद्र, राज्य व आंतरराष्ट्रीय संस्थांचा.