पाहुण्याचे समाधान आणि ब्लॅकपूलची घरमालकीण

पाहुण्याचे समाधान कसे करावे, यावर आजकाल पुष्कळ उपदेश ऐकू येतो. कोकणात चार दिवसांसाठी खोली भाड्याने देणाऱ्या बाईलाही कोणी ना कोणी सांगत असतो की, हसतमुख राहा, चादरी स्वच्छ ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येईल. उपदेश खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हसतमुख राहण्याइतकी फुरसत त्या बाईला कोठून मिळावी, हे त्यात नसते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. सुखसोयींची गोष्ट निघाली की राबणारे हात कोणाचे, हा प्रश्न आमच्या तोंडी आधी येतो. म्हणून इंग्लंडातील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाचा इतिहास आम्हांला विचार करण्याजोगा वाटला. आठवड्याभराच्या बिऱ्हाडाचा धंदा तेथे उभा राहिला तो मुख्यतः गिरणीकामगारांच्या पैशावर.

लँकेशायरच्या कापडगिरण्या आपल्या गिरणगावाला परक्या नाहीत. दोघींचे वैर जुने आणि नातेही जुने. त्या परगण्यातील प्रत्येक गिरणीगावाला उन्हाळ्यात एक मोठी सुटी असे. तिला ‘वेक्स’ म्हणत. मूळची ती देवळाची जत्रा. त्या दिवसांत गावच्या गिरण्या बंद राहत आणि अर्धेअधिक गाव समुद्रावर लोटे. ब्लॅकपूलला आगगाडी १८४६ साली पोहोचली, तेव्हापासून ही वाट सोपी झाली. सुटी मात्र बिनपगारी होती, हे ध्यानात ठेवावे. ओल्डॅमसारख्या गावी कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भिशीसारख्या मंडळात टाकीत आणि सुटीच्या तोंडावर ते उचलीत. वर्षाची शिल्लक एका आठवड्यात खर्चायची, तेव्हा पाहुणा पैन्‌पै मोजणारा असणारच.

आणि त्याला ठेवून घेणारी मालकीणही पुष्कळदा अशाच गिरणीगावातून आलेली असे. तेथला जुना रिवाज मोठा गमतीचा होता. खोलीचे भाडे मालकिणीला द्यायचे, बाजार पाहुण्यांनी आपापला आणायचा आणि रांधायचे मात्र तिने. घरात सहा कुटुंबे उतरली की चहाच्या पुड्या सहा, मांसाचे तुकडे सहा, आणि कोणाचे कोणते याचा घोळ होऊ द्यायचा नाही! भाड्यावर वरकड आकार असत. गरम पाण्याचे पैसे वेगळे. जेवणाच्या मेजावरच्या मीठ-मिरी-व्हिनेगरच्या बाटल्यांचेही वेगळे. या बाटल्यांच्या आकाराची थट्टा इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. न्याहारी झाली की बाहेर पडा, जेवणवेळेपर्यंत परतू नका, असाही दंडक असे; मग बाहेर पाऊस का असेना. विनोदी पोस्टकार्डांवर ही कजाग मालकीण म्हणजे ठरलेले पात्रच होऊन बसली.

तिच्या बाजूचा जमाखर्च त्या पोस्टकार्डांवर नसे. हंगाम उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांचा; त्यात वर्षाचे घरभाडे, कर आणि कोळसा निघायला हवा. गर्दीच्या दिवसांत पाहुण्यांना खाटा देऊन तिची स्वतःची मुले स्वयंपाकघरात नाहीतर माळ्यावर निजत. निरनिराळ्या गावांच्या सुट्या निरनिराळ्या आठवड्यांत येत, म्हणूनच हा संसार कसाबसा चाले.

असे असूनही तीच कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच दारी येत, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. गिरणीगावच्या एका गल्लीत शेजारीशेजारी राहणारे लोक ब्लॅकपुलातही एका घरात उतरत. मालकिणीची बोली ओळखीची, जेवण सवयीचे, आणि तिने फसवले तर ती बातमी गल्लीभर होणार, हे तिलाही ठाऊक.

वरकड आकारांची कुरकूर कमी झाली ती मालकिणीचा स्वभाव गोड झाल्यामुळे झाली, असे दिसत नाही. पहिल्या महायुद्धानंतर जेवणासकट एकच दर सांगण्याची रीत वाढत गेली. किती द्यायचे ते आधी कळू लागले. १९१२ साली किनाऱ्यावर दिव्यांची रोषणाई झाली आणि १९२५ पासून ती पुन्हा सुरू झाली. तिने हंगाम शरद ऋतूपर्यंत लांबला. १९३६ साली बटलिन यांनी स्केग्नेसला सुटीची छावणी उघडली. पावसात घराबाहेर ताटकळणारी कुटुंबे पाहून ही कल्पना सुचली, असे ते सांगत. आणि १९३८ साली पगारी सुटीचा कायदा आला. त्यामागे कामगार संघटनांचा बरीच वर्षे लावलेला रेटा होता. कायदा अपुराच होता, पण पगारासह मिळालेल्या सुटीत माणूस बाटलीतल्या व्हिनेगरवरून भांडायला तितकासा उठत नाही.

आपल्याकडे पगारी रजेची कायदेशीर तरतूद १९४५ च्या दुरुस्तीने आली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ती वाढली. मुंबईचा गिरणीकामगार ती रजा घेऊन समुद्रावर गेला नाही. तो गावी गेला, शेतीच्या नाहीतर गणपतीच्या वेळी. त्याची ब्लॅकपूलवाली मुंबईतच होती. एका खोलीत चूल मांडून, वाण्याची उधारी डोक्यावर घेऊन, पाळी बदलेल तशी ताटे वाढणारी ती खानावळवाली. तिच्या भाजीला नावे ठेवणारे पुष्कळ होते. तिच्या कर्जाची चौकशी करावी असे आमच्या संघटनांनाही फार उशिरा सुचले; १९७५ साली कामगार चळवळीतल्याच प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा त्या बायकांना बँकेचा दरवाजा उघडला. ब्लॅकपूलच्या मालकिणींची दखलही अशीच मागाहून घेतली गेली. जॉन वॉल्टन या इतिहासकाराने त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो १९७८ साली.