थोड्या खर्चाचा मुक्काम : एक दुर्लक्षित साधन

जुन्या पत्रांत मुक्कामांचीं नांवें येतात. तीं जुळवून आपण प्रवासाचा मार्ग ठरवितों आणि पुढें जातों. परंतु बेताच्या ऐपतीचा माणूस स्वदेशांत फिरतांना उतरण्याची जागा कशी निवडी, आणि ती त्यास खरोखर काय पडे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मतें याच्या उत्तरावांचून प्रवासाचा इतिहास अपुरा राहतो.

आगगाडीपूर्वीं अशा माणसापुढें मुख्यत्वें तीन मार्ग असत. पहिला ओळखीचा. क्षेत्रीं उतरावयाचें तें तीर्थोपाध्यायाच्या घरीं. त्याच्या वहींत यजमानाचें आडनांव, गांव व पूर्वजांच्या यात्रा नोंदलेल्या असत. नाशिकास वा काशीस कोठें उतरावें हें त्यामुळें बहुधा आजापणजाच्या नोंदीनेंच ठरे. भाडें नसे, पण दक्षिणा असे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं घरची ओढगस्त निवारावी म्हणून ग्वाल्हेरीकडे निघाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ झांशीच्या हकीगतीकरितां वाचला जातो. परंतु गरीब प्रवाशास परमुलखांत दक्षिणी माणसाचा केवढा आधार वाटे, हें पाहण्यासाठींहि तो वाचण्याजोगा आहे.

दुसरा मार्ग धर्माचा. अहल्याबाई होळकर (१७२५-१७९५) यांनीं दूरदूरच्या क्षेत्रीं घाट व धर्मशाळा बांधविल्या. धर्मशाळेंत छप्पर फुकट मिळे. शिधा व सरपण सामान्यतः ज्याचें त्यानें पाहावें.

तिसरा मार्ग दामाचा. उत्तरेंत शेरशहानें (१५४०-१५४५) हमरस्त्यांवर सराया बांधविल्या, व पुढेंहि सरायांत पैसे घेऊन प्रवाशांची सोय करणारे भटियारे असत. १८६७ च्या २२ व्या कायद्यानें सरायांची नोंदणी ठरविली आणि दरांची यादी लावण्याचें कर्तव्य सरायवाल्यावर घातलें. हें कलम बारीक वाटलें तरी महत्त्वाचें आहे. दर भिंतीवर लागला म्हणजे अनोळखी माणसासहि खर्चाचा अंदाज आधीं करतां येतो.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली. पुढें प्रवासी वाढले, आणि शहरांतून खाणावळी व भाड्याच्या खोल्यांचीं उपाहारगृहें निघालीं. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईंत ज्या सरदारगृहांत निवर्तले, तेंहि असेंच उतारूंचें बिऱ्हाड होतें.

परंतु दाम मोजला म्हणजे दार उघडे, असें मात्र नव्हे. १९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. हिंदु हॉटेलांत जागा मिळणार नाहीं हें जाणून, रोज दीड रुपया देण्याचें ठरवून, ते पारशी नांवानें एका पारशी विश्रामगृहांत राहिले. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस तेथून निघावयास लाविलें. ही हकीगत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. धर्मशाळांचीहि गोष्ट निराळी नव्हती. म्हणूनच गाडगेमहाराजांनीं पंढरपुरांत अस्पृश्य यात्रेकरूंसाठीं चोखामेळ्याच्या नांवें धर्मशाळा उभारली. धर्मशाळा, सराई व मुसाफरखाना यांत अस्पृश्यतेवरून मज्जाव करणें १९५५ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, मुक्कामाची किंमत केवळ पैशांत मोजतां येत नाहीं. जो मुक्काम एकास फुकट, तोच दुसऱ्यास कोणत्याहि मोलानें मिळत नसे. तेव्हां पत्रांत ‘मुक्काम केला’ एवढेंच आढळल्यास तीन गोष्टी विचाराव्या : कोणाच्या दारीं, कोणत्या नात्यानें, आणि काय देऊन?

संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, सनदा व राजपत्रें यांबरोबरच उपाध्यायांच्या वह्या, धर्मशाळांचीं नोंदबुकें, यात्रेच्या खर्चाचीं टिपणें आणि खाणावळींच्या पावत्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. सनदा जपणारे पुष्कळ आहेत. या कागदांना मात्र वाली नाहीं, आणि सामान्य माणसाचा प्रवास यांवांचून दुसरीकडे फारसा लिहिलेला सांपडत नाहीं.