दादीचा मेहर

आमच्या दादीचा निकाह १९३८ साली झाला. काझींच्या दफ्तरातून काढलेली निकाहनाम्याची नक्कल आम्ही अजून जपून ठेवली आहे. त्यात मेहरचा आकडा आहे : १२७ रुपये ८ आणे, उधार.

आम्ही शाळेत गणित शिकवतो. एकदा हाच आकडा फळ्यावर लिहून मुलांना विचारले, आज याचे किती होतील? उत्तर लगेच आले, "एकशे सत्तावीस रुपये पन्नास पैसे." उत्तर बरोबर होते, पण दादीचे नुकसान त्यात दिसत नव्हते. ते पाहायचे तर रुपयाचा इतिहास पाहावा लागतो.

रुपया मुळात चांदीचा. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने १७८ ग्रेन वजनाचा रुपया पाडला आणि मोगलांनी तो पुढे चालवला. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा; बारा हिश्श्यांपैकी अकरा हिस्से चांदी. १८९३ मध्ये लोकांची चांदी घेऊन नाणी पाडून देणे टांकसाळींनी बंद केले. रुपयाची किंमत चांदीच्या भावापासून सुटली, तरी नाण्यातली चांदी तेवढीच राहिली.

म्हणजे दादीचा मेहर त्या दिवशी चांदीच्या नाण्यांत मोजला असता, तर सुमारे दीड किलोचा ढीग झाला असता. त्यात शुद्ध चांदी साडेतेराशे ग्रॅमच्या वर. मेहर-ए-फातिमी पाचशे दिरहमांचा, म्हणजे सुमारे १३१ तोळे चांदीचा मानतात. दादीचा मेहर त्याच्या आसपासच होता. ज्यांनी तो बांधला, त्यांनी तिची थट्टा केली नव्हती.

थट्टा पुढे झाली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आण्यांचा हिशेब संपला. महागाई तर वाढतच होती. निकाहनाम्यातला आकडा मात्र जागचा हलला नाही.

१९८१ मध्ये दादा वारले. जनाजा उठण्यापूर्वी बायकांनी दादीला पुढे आणून विचारले, "मेहर माफ केलास ना?" तिने मान हलवली. आम्ही लहान असताना ती सांगायची, "निकाहाच्या साली त्यात माझ्या सोन्याच्या बांगड्या झाल्या असत्या. माफ करायच्या वेळी एक धड लुगडंही आलं नसतं. आणि मयतीसमोर नाही कोण म्हणणार?"

मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. वारसांच्या वाटणीआधी ते फेडले पाहिजे, आणि सूरह निसामध्ये ते स्त्रीला खुशीने देण्याची आज्ञा आहे. रडणाऱ्या बाईकडून लोकांदेखत घेतलेल्या माफीत कोणाची खुशी असते?

आज आपण भावांसाठी जमीन घेताना भाव पाहतो, हॉलसाठी, जेवणासाठी लाखांचा हिशेब करतो. मेहरची वेळ आली की घराण्याचा जुना आकडा पुढे करतो, आणि ही सादगी आहे असे म्हणतो. ही सादगी फक्त बाईच्या हिश्श्याला का येते?

उपाय फार अवघड नाही. मेहर सोन्याचांदीच्या वजनात लिहावा आणि शक्यतो निकाहाच्या वेळीच द्यावा. आमच्या धाकट्या बहिणीच्या निकाहात आम्ही हेच केले. काझीसाहेबांनी रकान्यापाशी कलम थांबवून विचारले, "रक्कम किती लिहू?"

आम्ही म्हणालो, "रक्कम नको. तोळे लिहा. आणि पुढे नकद."