राष्ट्रपतींची निवड आणि दुसरी पसंती

श्रोतेहो, विधानसभेची निवडणूक आली की तुमसर-साकोलीकडच्या गावोगावी ध्वनिक्षेपक फिरू लागतात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र गावात काहीच हालचाल दिसत नाही. मग राष्ट्रपती निवडतो कोण? आपणच निवडतो, पण आपण निवडून दिलेल्या माणसांच्या हातून.

संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सभासद हेच इथले मतदार. नेमलेल्या सभासदांना मत नाही, विधानपरिषदेच्या आमदारांनाही नाही. आमदाराच्या मताला लोकसंख्येप्रमाणे वजन असते. १९७१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाखांवर भरली. तिला २८८ आमदारांनी आणि मग हजाराने भागले की १७५ येतात. २०२२ च्या निवडणुकीतही हाच आकडा धरला होता. म्हणजे भंडारा, तुमसर आणि साकोली या तीन जागांचे मिळून झाले ५२५.

उमेदवार भारताचा नागरिक हवा, वयाची ३५ वर्षे पुरी झालेला हवा, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र हवा आणि सरकारी लाभाच्या पदावर नसावा. १९९७ पासून अर्जावर मतदारांपैकी ५० सूचक व ५० अनुमोदक लागतात; अनामत रक्कम १५,००० रुपये. प्रचार म्हणजे राज्याराज्यांत जाऊन आमदार-खासदारांना भेटणे. मतदान गुप्त असते. मतदार नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. निवडून यायला निम्म्याहून अधिक मते लागतात.

आता या आकड्यांची किमया पाहा. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन निवर्तले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उभे केले. व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उतरले, आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी आपल्या पक्षाच्या सभासदांना अंतरात्म्याला स्मरून मत देण्यास सांगितले. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. भंडारा ज्यात होता त्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातच त्यांनी पुष्कळ वर्षे सनदी नोकरी केली होती, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले होते. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांचा त्यांना पाठिंबा होता.

विजयाला ४,१८,१६९ मते हवी होती. पहिल्या पसंतीची गिरींना मिळाली ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोणीच पल्ला गाठला नाही! मग देशमुखांच्या आणि इतर मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. त्यांतली बहुतेक रेड्डींकडे वळली. ८७,९६७ मतांची आघाडी घसरत घसरत १४,६५० वर आली. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. आवश्यक आकड्यापेक्षा गिरींना अवघी १,९०८ मते जास्त! त्याच वर्षी काँग्रेस दुभंगली. पुढे १९७७ मध्ये हेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले.

तेव्हा हरलेल्याला दिलेले मत फुकट गेले, असे इथे म्हणता येत नाही. ते दुसऱ्या पसंतीच्या रूपाने पुन्हा बोलते. गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर अवश्य मांडावा. आणि शेतकरी बंधूंनो, आमदार निवडताना एवढे ध्यानात असू द्या, की आपल्या गावातले मत मतपेटीत संपत नाही. ते पुढे राष्ट्रपती भवनापर्यंत जाते.