शिवाजी पार्क आणि स्कोअरबुकाची शिस्त

मुंबई महापालिकेने 1925 साली खुले केलेले माहीम पार्क अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून 1927 मध्ये ‘शिवाजी पार्क’ झाले. पुढे हे मैदान क्रिकेटची शाळाच ठरले. इथे एका वेळी शेजारीशेजारी कितीतरी सामने रंगतात आणि एकाचा चेंडू दुसऱ्याच्या खेळपट्टीपर्यंत जातो. 1948 साली सुरू झालेली कांगा लीग तर भर पावसाळ्यातली. एवढ्या गर्दीत आणि चिखलात बिनचूक नोंद ठेवणारा स्कोअरर मात्र क्वचितच कुणाच्या नजरेत येतो.

नियमानुसार स्कोअरर दोन असतात. पंचाने खूण केली की हात वर करून पोच द्यायची आणि चेंडूची नोंद तिथल्या तिथे करायची. धाव नसेल तर टिंब. षटकात सहाही टिंबे पडली की ती जोडून ‘एम’ (मेडन, म्हणजे निर्धाव षटक) काढायचा. दोघांनी वरचेवर आकडे पडताळायचे. डावाअखेर फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज एकूण धावसंख्येशी जुळली पाहिजे, तशीच गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय, लेगबाय मिळवून येणारी बेरीजही. दोन्ही वाटांनी ताळा जमला, तरच वही खरी.

ही शिस्त ढिली पडली की काय होते, ते इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजात दिसले. 1899 मध्ये तिथे ए. ई. जे. कॉलिन्सने नाबाद 628 धावा केल्या, पण त्यात वीसेक धावा इकडेतिकडे असतील, असे स्कोअररनेच नंतर म्हटल्याचे सांगतात. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांनी घडवलेल्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 1988 च्या हॅरिस शील्डमध्ये आझाद मैदानावर 664 धावांची अभंग भागीदारी केली. शालेय सामन्यातल्या अशा आकड्याला खरा आधार स्कोअरबुकाचाच.

तरीही नुसता आकडा पुरत नाही. वाइड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या खाती मांडण्याची पद्धत कसोटीत 1980 च्या दशकात आली. त्याआधीची आणि नंतरची पृथक्करणे सरसकट तोलली तर निष्कर्ष चुकतो. नोंद कोणत्या नियमाखाली झाली, हे नोंदीसोबतच राहायला हवे. विद्यापीठांतले संशोधक आज आपल्या विदेबाबत (डेटाबाबत) हाच आग्रह धरतात.

अडचण उरते ती जपणुकीची. सामना संपला की वहीचे काम संपले, असे मानले जाते आणि कागदाला मुंबईची दमट हवा सोसत नाही. क्लबांनी जुनी स्कोअरबुके स्कॅन करावीत, स्पर्धा, तारीख, मैदान आणि तेव्हाचे नियम सोबत लिहावेत आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.