गाभणकाळ (खिलार व संकरित गाई)

गाय फळल्या दिवसापासून ती विते त्या दिवसापर्यंतचा काळ. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा गोठ्यातला रूढ हिशेब साधारण 283 दिवसांचा भरतो. होल्स्टीन, जर्सी या विदेशी गाई सुमारे 280 दिवसांत वितात; वशिंड असलेल्या झेबू वंशाच्या गाईंना बहुधा 285 ते 295 दिवस लागतात. सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या तालुक्यांत सांभाळली जाणारी खिलार याच वंशातली. ती ओढकामाची जात आहे, मांसासाठीची नव्हे. पण उष्ण प्रदेशांत मांसासाठी पाळली जाणारी ब्राह्मन जात भारतीय गुरांपासूनच घडली, म्हणून तिच्यावरील अभ्यास इथेही उपयोगी पडतो.

हा काळ मुख्यतः पोटातले वासरू ठरवते. पूर्ण वाढलेल्या वासराच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल वाढते, त्याने गाईतील प्रोजेस्टेरॉन उतरते आणि वेणा सुरू होतात. वासराची पीयूषिका ग्रंथीच अविकसित असेल तर गाय कित्येक आठवडे अडून राहते. हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. युरोपीय वंशाच्या गाईला ब्राह्मन वळूचे रेत दिल्यासही दिवस वाढतात, कारण वासरात बापाचाही वाटा असतो. गोऱ्हा असल्यास एखाद-दोन दिवस जास्त आणि जुळे असल्यास काही दिवस कमी लागतात. पहिलारू कालवडही किंचित लवकर विते.

यावर आक्षेप असा की सोलापूरचा उन्हाळा आणि चाराटंचाई यांपुढे वंशाचे काय चालणार? चाळीस अंशांवरचे ऊन शेवटच्या महिन्यांत लागले तर गाय काही दिवस आधी विते, हे खरेच आहे. उपासमारीचा फटका मात्र दिवसांपेक्षा वासराच्या वजनाला आणि गाईच्या पुढच्या माजाला जास्त बसतो. वंशाचा फरक दहा दिवसांचाही असू शकतो, तेवढा ऋतूने सहसा पडत नाही. गाय ‘फारच आधी’ किंवा ‘फारच उशिरा’ व्यायल्याच्या तक्रारीत पुष्कळदा मोजणीच चुकलेली असते: माज 21 दिवसांनी परत येतो आणि दुसऱ्या खेपेची तारीख लिहिली जात नाही.

म्हणून कृत्रिम रेतनाच्या नोंदीत तारखेबरोबर वळूची जातही हवी. खिलार गाईला जर्सीचे रेत दिले असेल तर ती खिलार वळूच्या हिशेबापेक्षा आधी विण्याचा संभव धरून आटवण्याचा दिवस ठरवावा. वर्षाला एक वेत हवे असेल, तर 290 दिवसांच्या गाभणकाळानंतर पुन्हा फळायला 75 दिवस उरतात, 280 दिवसांनंतर 85.